एक बोट सैल

लग्नकार्यात शेजारी बसलेला पाहुणा हमखास विचारतो, "नोकरी कुठं होती आपली?" सुरतेत आयुष्य काढलेल्या खानदेशी माणसानं मिलमध्ये होतो, लूमवर होतो किंवा साडी मार्केटात होतो असं सांगितलं की पाहुण्याचं समाधान होतं. मी सांगतो, "मी हवा कोंडत होतो." पाहुणा आधी हसतो, मग जरा सरकून बसतो. तेवढ्यात आमच्या मंडळी, म्हणजे कमल, पलीकडून दटावतात, "अहो, नीट सांगा ना, लॅगिंगचं काम होतं म्हणून." त्यानं तर पाहुण्याला काहीच उलगडत नाही. आता दिवाळी अंकात जागा मिळालीच आहे, तर सगळ्यांनाच एकदा सांगून मोकळा होतो.

कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये रंगाई होते, छपाई होते, कापड धुतात आणि सुकवतात. या प्रत्येक कामाला वाफ लागते. ती बॉयलरमध्ये तयार होते आणि पाइपातून कारखानाभर फिरते. पाइप उघडा ठेवला तर तिची ऊब वाटेतच उडून जाते, कोळसा फुकट जळतो आणि ज्याचा हात लागेल त्याची कातडी सोलून निघते ती वेगळीच. म्हणून पाइपाला पांघरूण घालायचं. काचेच्या नाहीतर दगडाच्या तंतूंची गादी गुंडाळायची, तिच्यावर बारीक जाळी, जाळीवरून तार आणि सगळ्यात वर ॲल्युमिनियमचा पत्रा. सुरतेच्या आसपास बमरोली, पांडेसरा, सचिनपासून इच्छापोरपर्यंत असे किती पाइप आम्ही झाकले, त्याचा हिशोब ठेवायचं कधी सुचलं नाही.

लोकांना वाटतं, त्या काचेच्या लोकरीतच काही गुण असेल. तसं काही नाही. उष्णता अडवते ती तंतूंच्या मधे सापडलेली हवा. मोकळी हवा मोठी उनाड असते. तापली की वर जाते, गार झाली की खाली येते आणि येता-जाता ऊब चोरून नेते. तिलाच बारीक बारीक कप्प्यांत अडकवलं, हलायला जागा ठेवली नाही, की तिच्यासारखा पहारेकरी नाही. आमचं सगळं कसब एवढंच.

हे मला कुठल्या पुस्तकानं नाही, आमच्या गल्लीत येणाऱ्या पिंजाऱ्यानं शिकवलं. जुनी, दडपून गेलेली गादी तो उसवायचा, तोच कापूस धनुकलीवर पिंजायचा आणि त्याच खोळीत पुन्हा भरायचा. मूठभरही नवा कापूस घालायचा नाही, तरी गादी दुप्पट फुगायची आणि थंडीत अंगाला ऊब द्यायची. त्यात त्यानं नवीन घातलेली असायची ती फक्त हवा. पौष महिन्यात तारेवर बसलेली चिमणी पिसं फुगवून गोल होते, तीही तेच करते. थर्माकोल तरी दुसरं काय आहे? हातात घेतला तर वजन लागत नाही, आणि त्याच्याच पेटीत बर्फ ठेवा, दिवसभर टिकतो. जगात सगळीकडे हे काम फुकट चालू असतं, आम्ही त्याची मजुरी घ्यायचो.

मजुरी मात्र अंग खाजवून घ्यावी लागे. काचेचे तंतू मानेत, कोपरात, बोटांच्या बेचक्यात शिरत. नवा माणूस घरी जाऊन गरम पाण्यानं आंघोळ करी आणि मग नाचे, कारण गरम पाण्यानं कातडीची छिद्रं उघडतात आणि काच आणखी आत शिरते. कामाआधी खोबरेल तेल चोळायचं आणि नंतर थंड पाणी ओतायचं, हा आमचा नेम. माझे कामाचे कपडे कमल चिमट्यात धरल्यासारखे धरून अंगणातच वेगळ्या बादलीत टाकायची. तोंडाला टॉवेल गुंडाळायचो, मास्क कुणी दिला नाही आणि आम्हीही मागितला नाही. आज सकाळी खोकताना त्याचं वाईट वाटतं. आमच्यातले काही जण तर माझ्यापेक्षा जास्त खोकत गेले.

गिऱ्हाइकंही एकेक नमुनेदार. बमरोलीतल्या एका शेठनं गादी गुंडाळून झालेला पाइप अंगठ्यानं दाबून पाहिला. अंगठा आत गेला. पाइप मऊ लागताच शेठ कडाडले, "आ तो पोचुं छे! में माल मंगाव्यो ने तमे हवा भरी?"

मी माझ्या मोडक्या गुजरातीत म्हणालो, "शेठ, हवा ज भरवानी होय."

शेठनं माझ्याकडे बघितलं, पाइपाकडे बघितलं आणि व्यापारी माणसाला शोभेल असा निकाल दिला, "तो पछी सारी हवा भरजो!" पुढं त्यांनी आम्हाला दोनदा कामाला बोलावलं आणि दोन्ही वेळा चांगल्या प्रतीची हवा भरायची आठवण केली.

दुसऱ्या एका रंगखात्यात आमचं काम नीट झालं म्हणून दंगा झाला. तिथले कामगार जेवणाचे डबे उघड्या व्हॉल्व्हवर ठेवून गरम करायचे. आम्ही व्हॉल्व्ह झाकला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांची भाजी गार. "कोणत्या शहाण्यानं हे केलं?" म्हणत सगळे आमच्यावर धावून आले. शेवटी साहेबांच्या परवानगीनं डब्यापुरती जागा उघडी ठेवली आणि बाकी झाकलं. आम्ही तिथे गेलो की आमचाही डबा त्या जागेवर आधी लागायचा.

पण या सगळ्या वर्षांतलं कोणतं काम छातीवर हात ठेवून सांगशील, असं कुणी विचारलं तर मी इच्छापोरची एक लाइन सांगेन. आणि ती सांगायची तर लोटनदादाची गोष्ट सांगावी लागेल.

लोटनदादा कमलचा थोरला भाऊ. मार्केटात पार्सल बांधायचा. सुरतेच्या साड्या देशभर जातात त्या तागाच्या पोत्यात आवळून. पार्सल ट्रकवरून फेकतात, गोदामात लोळवतात, त्याच्यावर माणसं बसतात, पण गाठ सुटता कामा नये. दादा गुडघा देऊन दोरी अशी ओढायचा की पार्सल लाकडाच्या ओंडक्यासारखं टणक व्हायचं. दलाल त्यावर बोट वाजवून म्हणायचे, "आ लोटननुं छे." मार्केटात तीच त्याची सही होती.

एकदा रचलेली थप्पी घसरली आणि दादाच्या पाठीवर आली. पाठ सुधारली, पण ओझं उचलणं संपलं, आणि उचलता येत नाही तो माणूस मार्केटला नको असतो. दादाचं बिऱ्हाड सुरतेतच, कोसाडला, पोरी शाळेत. गावाकडचं घर भावकीत कधीच वाटलं गेलेलं, त्यामुळे परत जायचं म्हटलं तरी दार उघडणारं कुणी नव्हतं. कमल माझ्याशी भांडली नाही, रडली नाही. जेवायला वाढताना एवढंच म्हणाली, "दादाले तुमना संगे लयी जा." आता वाढता हात थांबवून बायको असं बोलली की नाही म्हणणारा माणूस मला दाखवा.

आमचे ठेकेदार किशोरभाई. माणूस वाईट नव्हता, पण माया कामापुरती. इच्छापोरला हजिरा रोडवरच्या एका नव्या कारखान्यात वाफेची लांबलचक लाइन झाकायचं काम त्यांनी घेतलं होतं. पाइप उघड्यावरून, लोखंडी घोड्यांवरून जाणारा. ते म्हणाले, "या लाइनवर बघू. जमलं तर ठेवू." दादा वयानं माझ्यापेक्षा मोठा, नात्यानं मानाचा, आणि कामात माझ्या हाताखालचा. पहिल्या दिवशी मी त्याला काम सांगायला तोंड उघडलं आणि "दादा, जरा ती तार द्या ना" असं काहीतरी पुटपुटलो. तो हसला आणि म्हणाला, "दाजी, आठे तुमीन मिस्त्री. हुकूम करा."

दादाला त्याच्या वाटणीचा लाइनचा तुकडा दिला. त्यानं बांधलेलं काम बघायला बाकीची टोळी हातातलं टाकून आली. उसाच्या कांडासारखं सरळ, कुठं फुगवटा नाही, तारेचे वेढे मोजून घातल्यासारखे. आमचं काम त्याच्याशेजारी गबाळं दिसायला लागलं. खालून बघताना मलाही वाटलं, चला, बायकोपुढं मान वर राहिली.

मग लाइनीत वाफ सोडली. कारखान्याचे देसाईसाहेब तपासायला आले. त्यांची पद्धत साधी होती. पाइपावर तळहात ठेवायचा आणि तसाच सरकवत चालायचं. आमच्या भागावरून ते गप्पा मारत आले. दादाचा भाग सुरू झाला आणि त्यांनी हात झटकन मागं घेतला. पुढं टेकवला, पुन्हा मागं. त्यांनी पत्रा खोलायला लावला. चार बोटं जाडीची गादी आवळून आवळून दोन बोटांवर आली होती. देसाईसाहेब रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बांधकाम सुंदर आहे, पण आतली हवा दाबून बाहेर काढलीत. आता हे नुसतं कापड राहिलं."

किशोरभाई मात्र तापले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ये आदमी नहीं चलेगा. छूटो करी दो एने."

मी म्हणालो, "शेठ, तुकडा पुन्हा बांधून देतो. त्याच्याच हातानं. पुन्हा तापला तर मी स्वतः त्याला घरी पाठवतो." बोलून गेलो, आणि लगेच कमलचा चेहरा डोळ्यांपुढं आला. पाठवतो म्हणणं सोपं होतं, त्याच ताटावर रात्री जेवायला बसायचं होतं.

शिकवायला लागलो तेव्हा कळलं, अडचण डोक्यात नव्हती. दादाला सगळं पटलं होतं. हवा ठेवायची, दाबायची नाही, गादी फुगलेली राहायला हवी, हे तो दुसऱ्यांना समजावून सांगायला लागला. पण तार हातात आली की गुडघा आपोआप वर यायचा, ओठ दातांखाली जायचा आणि गादी कचकन दबायची. उभा जन्म ज्या आवळण्यावर पोट भरलं, ज्याच्यावर लोक बोट वाजवून नाव घ्यायचे, तेच आता चूक ठरलं होतं. मी तारेखाली लाकडाची पट्टी घालायला दिली. त्यानं पट्टीसकट आवळलं आणि पट्टी मोडली. टोळी हसली. दादा हसला नाही. पाइपावरून उतरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "डोकाले समजस दाजी, मना हातले समजत नही. सोडी द्या माले." मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी मी कुणालाच काही शिकवलं नाही.

रविवारी दुपारी दादा आमच्याकडे आला होता. कमल तेव्हा घरी बसून किशोरभाईंचंच काम करायची. व्हॉल्व्हला झाकायला काढता-घालता येईल अशी उशी लागते. काचकापडाच्या खोळीत लोकर भरून ती शिवायची. गोधडी शिवणाऱ्या आमच्या बायकांचा हात त्याला चांगला बसलेला. कमल ओट्यावर उशी शिवत होती. मी नको नको म्हणत असताना तिनं दाभण भावाच्या हातात दिलं. "दादा, एक टाका घाल बरं."

दादानं टाका घातला आणि सवयीनं दोरा ओढला. उशीला मधोमध खड्डा पडला. कमलनं त्याच्या मनगटावर चापट मारली. लहानपणापासूनचा राग असावा, चांगली सणसणीत होती. "दादा! गोधडीले दाबीसन शिवतस का कोनी? मंग ऊब कथाइन येई?"

"मना हात ऐकत नही ना बाई."

"माय कसी शिवे, इसरना का?" असं म्हणून तिनं त्याचं डावं बोट ओढलं, कापडावर आडवं ठेवलं, त्याच्यावरून टाका घेतला, दोरा बोटाला टेकेपर्यंत ओढला, गाठ मारली आणि मग बोट काढून घेतलं. टाका बोटाएवढा सैल राहिला आणि उशी फुगलेली राहिली. त्यांची आई तशी शिवायची, प्रत्येक टाक्याखाली आपलं बोट ठेवून. दादानं ती उशी अंगठ्यानं दाबून पाहिली. मग त्यानं स्वतःच बोट ठेवलं आणि दुसरा टाका घातला. मी मिस्त्री असून जे मला सांगता आलं नाही, ते बायकोनं चापट मारून सांगितलं.

सोमवारी इच्छापोरला दादा पाइपावर चढला. गादी गुंडाळली, जाळी घातली, तार घेतली आणि तारेखाली डाव्या हाताचं बोट आडवं ठेवलं. पक्कड फिरवली. हात सवयीनं आवळायला गेला आणि तार बोटात रुतली. दादा कळवळला, थांबला, अर्धा पीळ सोडला, गाठ मारली आणि बोट बाहेर काढलं. आता आवळायचं तर आधी स्वतःचंच बोट कापावं लागणार होतं. सुरुवातीला ते खरंच कापलंही. मी म्हणालो, "दादा, हातमोजा घाला." तो म्हणाला, "मोजा घाला ते हात पुन्हा इसरी जाई." चिंधी बांधून त्यानं आख्खा तुकडा तसाच पुरा केला. काम पूर्वीइतकं देखणं नव्हतं. गोधडीसारखं गुबगुबीत होतं.

पत्रा चढवायची वेळ आली तेव्हा दादानं विचारलं, "हाई बी सैल ठेवानं का?" मी म्हणालो, "नाही दादा, पत्रा पाहिजे तेवढा आवळा." त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. कारण कोंडलेल्या हवेचा एकच वैरी असतो, पाणी. फटीतून पाणी आत शिरलं की ते एकेका कप्प्यातून हवेला हुसकून स्वतः जाऊन बसतं, आणि ओली गादी म्हणजे पाइपाला गादीच नसल्यासारखं. म्हणून आत सैल आणि बाहेर घट्ट. दादानं पत्र्याचे सांधे खालच्या अंगाला घेतले, पट्ट्या गुडघा देऊन ओढल्या, बोट वाजवून बघितलं. मार्केटातला लोटन पुन्हा दिसला. किशोरभाई मात्र म्हणाले, "साहेब बघतील तेव्हा खरं."

साहेबांचं बघणं लांबलं, कारण कारखान्यातलं काहीतरी अडलं आणि वाफ बंद झाली. मग सुरतेचा पाऊस लागला तो लागलाच. दादा रोज माझ्याकडे बघायचा आणि काही विचारायचा नाही. घरी कमलही विचारायची नाही. दोघं बहीणभाऊ न विचारण्यात सारखेच पक्के.

वाफ पुन्हा सुटली तेव्हा निरोप आला, लाइन धुमसतेय, या. गेलो तर इथून तिथून सांध्यांमधून पांढरी वाफ निघत होती. पाणी आत गेलं होतं आणि आता उकळून बाहेर येत होतं. किशोरभाईंचा चेहरा पडला. देसाईसाहेब तळहात टेकवत निघाले. इथं हात मागं, तिथं हात मागं. आम्ही सगळे मागून चाललो होतो, दादा सगळ्यात शेवटी.

दादाचा तुकडा आला. एकाही सांध्यातून वाफ नव्हती. साहेबांनी पत्र्यावर हात ठेवला. मी त्यांच्या हाताकडेच बघत होतो. तो मागं येईना. तसाच ठेवून ते किशोरभाईंकडे वळले आणि बाकीची लाइन कधी उघडायची, माणसं किती लागतील, पत्रा पुरेल का, हे बोलत बसले. बोलणं संपलं तरी हात तिथंच होता, भिंतीला टेकून उभं राहावं तसा. मग त्यांनी विचारलं, "हा भाग कोणी केला?"

कुणी बोलायच्या आत किशोरभाई म्हणाले, "साहेब, आ लोटननुं छे."

मार्केटातले दलाल म्हणायचे ते शब्द. किशोरभाईंना ते माहीत असायचं कारण नव्हतं. दादानं मान फिरवली आणि नाक शिंकरलं. त्यानंतर त्याला काढायची भाषा कुणी केली नाही. उघडलेली सगळी लाइन त्याच्या हाताखाली पुन्हा झाली आणि टोळीतला प्रत्येक जण तारेखाली बोट ठेवून बांधायला आणि पत्रा गुडघा देऊन आवळायला शिकला. पुढं नवीन माणूस आला की त्याचं डावं बोट बघायचो. त्यावर आडवा वळ दिसला की समजायचं, हा आपल्यातला झाला.

माझ्या कामाचा मला अभिमान आहे, तो मी लपवत नाही. पण आमच्या कामाची गंमत अशी की ते चांगलं झालं की दिसतच नाही. विणकर कापड दाखवतो, गवंडी घर दाखवतो. आम्ही काय दाखवणार? एक हात, जो भाजला नाही.

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असते आणि घरच्यांना आत येऊ देतात. कमलला घेऊन गेलो. झेंडूच्या माळा, पेढे, सगळं झालं. मग दादा तिला त्या लाइनपाशी घेऊन गेला. आत वाफ सळसळत होती. त्यानं तिला हात ठेवायला सांगितलं. ती घाबरली, बोटाच्या टोकानं शिवून पाहिलं, मग तळहात ठेवला, मग दोन्ही तळहात. लांबवर जाणाऱ्या त्या चकचकीत पाइपाकडे तिनं एकदा बघितलं आणि आम्हा दोघांकडे संशयानं बघितलं.

"हाई ते गरमबी नही," ती म्हणाली. "मंग तुमीन दिनभर आठे काय करतस?"

मी समजावून सांगायला तोंड उघडलं. दादानं मला अडवलं. वळ पडलेल्या बोटानं त्यानं बहिणीच्या तळहाताकडे दाखवलं आणि म्हणाला, "हाईच."